जपानी शिका, पण इंग्रजीच्या वाटेने नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे परदेशी भाषांच्या वर्गांच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी त्यांत पोर्तुगीज, फ्रेंच, जर्मन असायची. आता जपानीही दिसते आणि तिच्यासोबत ‘तीन महिन्यांत जपानी’, ‘सहा महिन्यांत एन-३ आणि थेट नोकरी’ अशी वाक्येही. गोव्यातली मुले या भाषेकडे वळत आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. एप्रिल २०१९ पासून जपानने विशिष्ट कौशल्यधारक परदेशी कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासाठी जपानशी सहकार्य करार केला. वृद्धांची शुश्रूषा, हॉटेल आणि उपाहारगृह ही क्षेत्रे त्यात आहेत, म्हणजे आपल्या नर्सिंगच्या आणि हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांच्या हातातलीच कामे. मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत चुकीची साधने आणि चुकीची पद्धत हाती आल्यामुळे यातली बरीच मुले मध्येच सोडून देतात. ते टळावे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण तपशिलाशिवाय या विषयाला अर्थ नाही.

आधी तासांचा हिशेब मांडू. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत (जेएलपीटी) एन-५ ही सर्वांत सोपी आणि एन-१ ही सर्वांत अवघड पातळी. २०१० मध्ये परीक्षेची रचना बदलली. त्याआधी सर्वांत खालच्या पातळीसाठी १५० तास, सुमारे ८०० शब्द आणि १०० कांजी (चिनीतून घेतलेली चिन्हे), तर तिच्या वरच्या पातळीसाठी ३०० तास, १५०० शब्द आणि ३०० कांजी असे निकष छापलेले असत. आता अधिकृत याद्या निघत नाहीत, तरी शिक्षक एन-५ आणि एन-४ साठी हेच आकडे धरून चालतात. दर रविवारी दोन तासांचा वर्ग सहा महिने केला तर होतात ५२ तास. एन-५ साठी उरलेले शंभर तास घरी बसूनच भरून काढावे लागतात. एन-३ तर जुन्या ३०० आणि ६०० तासांच्या पातळ्यांच्या मधली. सहा महिन्यांत ती गाठायची तर रोज अडीच तास, एकही सुट्टी न घेता. जाहिरात वाचताना एवढा गुणाकार करून पाहावा.

अभ्यास लिपीपासून सुरू करावा आणि लिपी कागदावरच शिकावी. हिरागाना ही मुख्यतः जपानी शब्दांची लिपी, ४६ अक्षरे; काताकाना ही मुख्यतः परकीय शब्दांची, तीही ४६. रोज पाच अक्षरांची एक ओळ घेतली तर दहा दिवसांत हिरागाना आणि पुढच्या दहा दिवसांत काताकाना होते. टिंबे आणि जोडाक्षरे यांसाठी आणखी आठवडा धरावा. प्राथमिक शाळेतली गणिताची चौकटींची वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते. एका चौकटीत एक अक्षर, फटकारे ठरलेल्या क्रमानेच. ‘मला नुसते वाचायचे आहे, क्रम कशाला?’ असे विद्यार्थी विचारतात. काताकानातली ‘शि’ आणि ‘त्सु’ ही अक्षरे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत दोन छोटे फटकारे आणि एक लांब. ‘शि’चे छोटे फटकारे डावीकडे एकाखाली एक येतात आणि लांब फटकारा खालून वर उजवीकडे जातो. ‘त्सु’चे छोटे फटकारे वर शेजारी-शेजारी येतात आणि लांब फटकारा उजवीकडून खाली डावीकडे उतरतो. ‘न’ आणि ‘सो’ यांच्यातही हाच फरक. हात कोणत्या दिशेने गेला हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच छापील अक्षरांत तो फरक दिसतो. मोबाइलवर नुसती ओळखायची सवय केलेला विद्यार्थी वर्षभरानंतरही या चार अक्षरांत अडखळतो. हिरागानात ‘सा-चि’, ‘नु-मे’, ‘रे-ने-वा’ आणि ‘रु-रो’ यांची अशीच गल्लत होते. ती अक्षरे जोड्यांनीच लिहून काढावीत.

अक्षरांच्या क्रमाचे मात्र आपल्याला मुळीच भय नाही. का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. यातल्या ‘सा’चा उच्चार पूर्वी चकाराजवळचा होता आणि ‘हा’चा ‘पा’सारखा, हे कळले की क, च, त, न, प, म, य, र, व ही आपलीच वर्णमाला समोर उभी राहते. बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम त्यांनी घेतला. मराठी मुलाला जपानी शब्दकोश पाहायला वेगळे शिकवावे लागत नाही.

रोमन लिपीत छापलेली पुस्तके घेऊच नयेत, कारण डोळा इंग्रजी सवयीने वाचतो. देवनागरीतून जपानी शिकवणाऱ्या पुस्तिकाही पहिल्या आठवड्यापुरत्याच ठीक. येथे वृत्तपत्राच्या सोयीसाठी जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांतला ‘आ’ ऱ्हस्व वाचावा आणि जिथे ‘ऽ’ आहे तिथेच लांबवावा. मुळात अडचण तीच आहे. जपानी ऱ्हस्व ‘आ’ला देवनागरीत चिन्ह नाही, शिवाय मराठी बोलताना आपण इ-ई आणि उ-ऊ यांत फारसा फरक करत नाही. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बिऽरु’ म्हणजे बिअर. हॉटेलात काम करणाऱ्याने एवढे तरी चुकवू नये. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट, ‘किऽते’ म्हणजे ऐक. प्रत्येक मात्रेला एक टाळी देत शब्द म्हणावा: ‘किते’ला दोन, ‘कित्ते’ला तीन, ‘किऽते’ला तीन. जोडाक्षरातल्या थांब्यालाही पूर्ण टाळी द्यायची. महिनाभर हे केले की कान तयार होतो.

बाकीचे उच्चार इंग्रजीतून शिकवले तर अवघड आणि मराठीतून शिकवले तर सोपे. ‘चिंच’ हा शब्द उच्चारून पाहा. पहिला ‘चि’ तालव्य, तोच जपानी ‘चि’. शेवटचा ‘च’ दंत्य, तोच ‘त्सु’तला ‘त्स’. ‘जुना’ शब्दातला ‘जु’ हा त्यांचा ‘झु’. इंग्रजी पुस्तके ‘त्सु’वर अर्धे पान खर्च करतात, आपल्याला ‘चूल’ पुरते. जपानी अनुस्वारही परसवर्णाच्या आपल्याच नियमाने चालतो. ‘गंगा’, ‘अंत’, ‘चंपा’ यांत अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो, तसाच ‘गिंकोऽ’ (बँक), ‘होंतोऽ’ (खरे) आणि ‘सांपो’ (फेरफटका) यांत. अनुस्वारापुढे स्वर आला की मात्र सावध राहावे. ‘किन्-एन’ म्हणजे धूम्रपानास मनाई आणि ‘किनेन’ म्हणजे स्मरण, स्मारक.

आता पुस्तके. मुख्य पुस्तक एकच असावे आणि ते शेवटपर्यंत न्यावे. एकाच वेळी तीन पुस्तके, पाच ॲप आणि चार यूट्यूब वाहिन्या धरणारा विद्यार्थी प्रत्येकाचे पहिले पाच धडे पुन्हापुन्हा करतो. ओळख-अभिवादन त्याला पाठ होते आणि क्रियापदे तशीच राहतात.

भारतात वर्गांतून सर्वाधिक चालते ते ‘मिन्ना नो निहोंगो’. पहिल्या भागात १ ते २५ धडे, दुसऱ्यात २६ ते ५०. पहिला भाग झाला की साधारण एन-५, दोन्ही झाले की एन-४. मुख्य पुस्तक संपूर्ण जपानीत आहे. शब्दार्थ आणि व्याकरण वेगळ्या भाषांतर-पुस्तकात असते आणि ते न घेता नुसते मुख्य पुस्तक आणणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. दोन्ही एकत्रच घ्यावीत. भारतात छापलेली स्वस्त आवृत्ती मिळते, त्यामुळे झेरॉक्सची गरज नाही. झेरॉक्सबरोबर ध्वनिफिती येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय हे पुस्तक निम्मेच. दुसरे ‘गेंकि’. पहिल्या भागात १२ आणि दुसऱ्यात ११ धडे, तिसरी आवृत्ती २०२० ची. व्याकरण तिथेच इंग्रजीत समजावलेले असते, त्यामुळे ज्याला वर्ग नाही आणि एकट्याने शिकायचे आहे त्याने हे घ्यावे. जोडीने करायचे सराव त्यात भरपूर आहेत, ते एकट्यालाच दोन्ही बाजूंनी मोठ्याने बोलून करावे लागतात. तिसरे जपान फाउंडेशन या जपानी भाषा-संस्कृतीचा प्रसार करणाऱ्या संस्थेचे ‘इरोदोरि’. पुस्तक आणि ध्वनिफिती दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. जपानात राहून काम करायला जाणाऱ्यांसाठी ते बनवले आहे: दुकानात विचारणे, कामाची सूचना समजणे, प्रकृती बरी नसल्याचे सांगणे. नोकरीच्या व्हिसासाठी शिकणाऱ्याला आमची पहिली शिफारस हीच. मात्र व्याकरणाचा सराव त्यात कमी आहे, तो दुसरीकडून भरावा लागतो. त्याच संस्थेच्या ‘मिनातो’ या संकेतस्थळावरचे स्वाध्याय अभ्यासक्रमही फुकट आहेत.

‘मिन्ना’चा एक धडा आठवड्याला करावा, त्याहून वेगाने नको. पहिल्या दिवशी शब्द, दुसऱ्या दिवशी वाक्यरचना आणि उदाहरणे, पुढचे दोन दिवस ‘रेनश्यूऽ’ (सराव) ए आणि बी, आधी तोंडी आणि मग लेखी. पाचव्या दिवशी संवाद आणि ‘रेनश्यूऽ’ सी, सहाव्या दिवशी ‘मोंदाइ’ (प्रश्न), सातवा दिवस मागच्या दोन धड्यांच्या उजळणीचा. पुस्तकात उत्तरे लिहू नयेत, वहीत लिहावीत. एकदा उत्तर दिसले की तो सराव पुन्हा करता येत नाही आणि हे सराव दोनदा करण्यासाठीच आहेत.

विद्यार्थी गळतात ते चौदाव्या धड्यावर. तिथे क्रियापदाचे ‘ते’ रूप येते. इंग्रजीत त्याला नेमका जोड नसल्यामुळे इंग्रजी पुस्तके त्याचे पाच-सहा वेगवेगळे उपयोग देतात आणि विद्यार्थी गोंधळतो. आपल्याकडे ते पहिलीपासून बोलतात: ‘खाऊन’, ‘पिऊन’, ‘जाऊन’. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. ‘ताबेते मिमासु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन पाहतो’. कोकणीतही ‘खावन पळय’ म्हणतातच. ‘कात्ते ओकिमासु’ म्हणजे ‘विकत घेऊन ठेवतो’. ‘मोत्ते किमासु’ म्हणजे ‘घेऊन येतो’. ‘ताबेते शिमाइमाशिता’ म्हणजे ‘खाऊन टाकले’. मराठी माणसाला हे चार वेगळे नियम नाहीत, एकच ओळखीची सवय आहे. रूपे तेवढी पाठ करावी लागतात. जपानी क्रियापदांचे गट असतात आणि सभ्य बोलण्यात त्यांच्या शेवटी ‘मासु’ येते. पहिल्या गटात ‘मासु’च्या आधी इ, चि, रि असेल तर ‘त्ते’. मि, बि, नि असेल तर ‘न्दे’. कि चे ‘इते’, गि चे ‘इदे’, शि चे ‘शिते’. अपवाद एकच, ‘इकिमासु’चे ‘इत्ते’. दुसऱ्या गटात नुसते ‘मासु’ काढून ‘ते’ लावायचे. चूक होते ती गट ओळखण्यात. ‘ओकिमासु’ म्हणजे उठणे आणि ‘ओकिमासु’ म्हणजे ठेवणेसुद्धा. उठण्याचे ‘ओकिते’, ठेवण्याचे ‘ओइते’. म्हणून क्रियापद पाठ करताना त्याचा गट किंवा कोशातले रूप सोबत लिहावे: उठणे ‘ओकिरु’, ठेवणे ‘ओकु’. नुसत्या ‘मासु’च्या याद्या पाठ करणारा इथे अडकतोच.

प्रत्ययांचेही तसेच. ‘मला संत्रे आवडते’ याचे जपानी ‘वाताशि वा मिकान गा सुकि देसु’. संत्र्याला कर्माचा ‘ओ’ लागत नाही, ‘गा’ लागतो. आपणही ‘संत्र्याला आवडते’ म्हणत नाही, संत्रे प्रथमेतच राहते. ‘मला जपानी समजते’, ‘मला पाणी पाहिजे’ यांतही ‘गा’च. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी तिथे ‘ओ’ घालतो. तसेच ‘मित्राला भेटतो’: ‘तोमोदाचि नि आइमासु’. आपला ‘ला’ तोच त्यांचा ‘नि’, आणि इंग्रजीवरून आलेला ‘ओ’ चूक. ‘काल घेतलेले पुस्तक’ म्हणजे ‘किनोऽ कात्ता होन’, शब्दाला शब्द. इंग्रजी पाठ्यपुस्तकात हे संबंधवाक्याचे मोठे प्रकरण असते (‘मिन्ना’त बाविसावा धडा), मराठीत ते एका ओळीत संपते.

मराठी कुठे फसवते तेही ठाऊक हवे. आपला ‘त’ दोन कामे करतो: ‘ग्रंथालयात आहे’ आणि ‘ग्रंथालयात वाचतो’. जपानीत असण्याला ‘नि’, म्हणजे ‘तोशोकान नि इमासु’. कृतीला ‘दे’, म्हणजे ‘तोशोकान दे योमिमासु’. ‘मुलाला पाहतो’ यातला ‘ला’ कर्माचा आहे, तिथे ‘नि’ नको, ‘कोदोमो ओ मिमासु’ हवे. आपले ‘आहे’ कुत्र्यालाही चालते आणि मोटारसायकललाही. जपानीत सजीवाला ‘इमासु’ आणि निर्जीवाला ‘आरिमासु’. ‘महाग होते’ यावरून मुले ‘ताकाइ देशिता’ लिहितात. जपानीत ‘इ’कारान्त विशेषण स्वतःच भूतकाळात जाते: ‘ताकाकात्ता देसु’. आणि ‘तो म्हणाला की मी येतो’ ही रचना जपानीत नाहीच. ‘मी येतो असे तो म्हणाला’ हीच चालते. म्हणून जपानी वाक्य करण्याआधी मराठी वाक्यातून ‘की’ आणि ‘जे-ते’ काढून टाकावेत. वाक्य तेवढ्यानेच अर्धे जपानी होते. शिक्षक गोव्यातला असेल तर त्याने फळ्यावर इंग्रजीऐवजी मराठी-कोकणी वाक्य लिहावे, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.

शब्द पाठ करण्यासाठी ‘अँकी’ हे पत्त्यांचे (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ अशा फ्लॅशकार्डांचे) ॲप उत्तम. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावे लागते. पत्ते एकदा उतरवले की इंटरनेट लागत नाही, पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क गेले तरी अभ्यास चालू राहतो. चूक होते ती उत्साहात रोज वीस-तीस नवे पत्ते लावण्यात. विसांच्या हिशेबाने काही आठवड्यांत रोज दीडशे-दोनशे उजळण्या साठतात आणि चार दिवस चुकले की ढीग पाहूनच ॲप बंद होते. रोज आठ नवे पुरेत. शंभर दिवसांत एन-५ चे ८०० शब्द होतात. तयार संच उतरवण्यापेक्षा आपल्या पुस्तकातल्या धड्याचे पत्ते आपणच करावेत. पुढे जपानी लिपीत छोटे वाक्य, मागे मराठी अर्थ. सुटा शब्द नको, कारण आपण सदरा, चप्पल, टोपी सगळेच ‘घालतो’. जपानीत सदऱ्याला ‘किमासु’, चपलेला ‘हाकिमासु’, टोपीला ‘काबुरिमासु’ आणि चष्म्याला ‘काकेमासु’. पत्त्यावर वस्तू असेल तरच क्रियापद नीट बसते. ‘डुओलिंगो’ कानाला सवय म्हणून चालेल, पण ‘नि’ का आणि ‘दे’ का हे ते नीट समजावत नाही. त्याला मुख्य साधन करू नये.

कांजी तिसऱ्या महिन्यापासून घ्यावी, आठवड्याला पाच-सहा, आणि नेहमी शब्दातून. जन्म-जीवन या अर्थाचे एकच चिन्ह ‘सेंसेइ’त ‘सेइ’, ‘इकिरु’त ‘इ’ आणि ‘उमारेरु’त ‘उ’ वाचले जाते. वाचनांची यादी पाठ केली तर यातले काहीच वापरता येत नाही. घटक मात्र ओळखावेत. डावीकडे तीन छोटे फटकारे दिसले की चिन्हाचा संबंध बहुधा पाण्याशी: समुद्र, पोहणे, धुणे.

ऐकणे हे आपल्याकडचे सर्वांत दुबळे अंग. रस्त्यावर जपानी कानावर पडत नाही, म्हणून ते मुद्दाम करावे लागते. पणजी-मडगाव कदंब बसमधला तासभर यासाठी चांगला. धड्याचा संवाद तीनदा पुस्तक न पाहता ऐकावा आणि घरी येऊन एक मिनिटाचा तुकडा थांबवत-थांबवत लिहून काढावा. जे लिहिता आले नाही तेच कानाला ऐकू येत नव्हते. तारखांचा वेगळा सराव हवा. ‘योक्का’ म्हणजे चार तारीख आणि ‘योऽका’ म्हणजे आठ, आणि परीक्षेत अशाच जागा विचारल्या जातात. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे सोप्या जपानीतले धडे फुकट आहेत. सोप्या जपानीतल्या बातम्या एन-४ च्या आसपास झेपतात. ॲनिमे जरूर पाहावे, पण तिथली बोली उचलू नये. ‘ओरे’ (मी), ‘ओमाए’ (तू) हे शब्द हॉटेलातल्या पाहुण्यासमोर उच्चारले तर तो उर्मटपणा ठरेल. ज्यांना फक्त पाहुण्यांशी बोलण्यापुरते जपानी हवे त्यांनी कांजीच्या मागे न लागता स्वागत, खोली, वेळ, दिशा, पैसे यांची चाळीस-पन्नास आदरार्थी वाक्ये ध्वनिफितीवरून पक्की करावीत. आकडे आणि काताकाना मात्र सोडू नये.

परीक्षा कोणती द्यावी हे आधी ठरले तर पुस्तकही ठरते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. त्यात बोलणे नाही, निबंध नाही, सगळे पर्यायी प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. एन-५ ला १८० पैकी ८० गुण हवेत, पण भाषाज्ञान-वाचनात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ हे वेगळे मिळावे लागतात. एकूण शंभर मिळवून ऐकण्यात अठरावर राहिलेला नापास होतो. व्हिसासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक (जपान फाउंडेशनची परीक्षा) यांपैकी एक लागते. दुसरी संगणकावर होते, २५० पैकी २०० गुण हवेत, निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो. शुश्रूषेच्या कामासाठी त्या क्षेत्राच्या जपानीची आणखी एक चाचणी असते. नोकरीसाठी जाणाऱ्याने एन-५ वर पैसे आणि महिने घालवण्याऐवजी थेट या पातळीची तयारी करावी.

वर्ग निवडताना फी विचारण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. रोमन लिपी कितव्या आठवड्यात बंद होते? (चौथ्यानंतर चालू असेल तर तो वर्ग नको.) शिक्षकाची पातळी काय? किमान एन-२ हवी आणि प्रमाणपत्र दाखवायला कुणालाही संकोच नसावा. वर्गात किती जण? पंधरापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला बोलायला मिळत नाही. लेखी काम कोण तपासते? पंचविसाव्या धड्यानंतर पुढचा वर्ग आहे का? पुष्कळ ठिकाणी नसतो, आणि मूल एन-५ चा कागद घेऊन तिथेच थांबते.

सरकारकडून एक सोपी गोष्ट होण्यासारखी आहे. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. तिथे आणि तालुका ग्रंथालयांत वर सांगितलेल्या पाठ्यपुस्तकांचे भाषांतर-पुस्तकासह दोन-दोन संच आणि सोप्या वाचनाची काही पुस्तके ठेवली तर काणकोण-पेडण्याच्या मुलाला वर्गासाठी पणजी गाठण्याआधी ही भाषा आपल्याला झेपते का हे पाहता येईल. खर्च एका संगणकाएवढाही नाही.

परीक्षेच्या अर्जाबद्दल शेवटचे. गोव्याला जवळची केंद्रे पुणे आणि मुंबई. जुलैच्या परीक्षेचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. जागा लवकर भरतात, तेव्हा त्या काळात केंद्राचे संकेतस्थळ रोज पाहावे. परीक्षेला एचबी पेन्सिली आणि चांगला खोडरबर न्यावा. आणि नाव पासपोर्टवर जसे आहे अगदी तसेच भरावे. आपल्याकडे एकाच घरात आडनाव जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने आणि शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाने लिहिलेले असते. प्रमाणपत्रावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळले नाही तर व्हिसाच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते. पासपोर्ट आधी काढावा आणि अर्ज त्यानंतर भरावा.

आपले विश्वासू,
जपानी भाषेचे शिक्षक, फोंडा